साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "वय झालं आता!" या शेऱ्यामागे मेंदूविषयीचे बरेच गैरसमज आहेत. त्यांतले बहुतेक ग्लिया, म्हणजे मेंदूत चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रुजले आहेत.

गैरसमज : म्हातारपणी मेंदूतल्या पेशी भराभर मरतात.
वस्तुस्थिती : १९९७ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत २० ते ९० या वयांदरम्यान मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी जेमतेम १० टक्क्यांनी कमी भरल्या. निरोगी म्हातारपणात जास्त फरक पडतो तो पेशींच्या जोडण्यांत आणि मायलिनमध्ये. चेतातंतूंवरचं हे स्निग्ध वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशी चढवतात. ते झिजलं की संदेश रेंगाळतात. नाव आठवतं, पण उशिरा, यामागे हेही एक कारण असू शकतं.

गैरसमज : ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात आणि नुसती भर घालतात.
वस्तुस्थिती : ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतींचा एकजीव द्राव करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. २००९ साली निष्कर्ष आला : चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि इतर पेशीही जवळपास तेवढ्याच. शिवाय ग्लिया रिकाम्या बसत नाहीत. अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशी संदेश पोचल्यावर उरलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन लगेच शोषून घेतात. ते साचलं तर चेतापेशींना अपाय होतो.

गैरसमज : मेंदूतला दाह वाईटच, तो दाबलेला बरा.
वस्तुस्थिती : मायक्रोग्लिया या मेंदूच्या पहारेकरी पेशी कचरा उचलतात, जंतूंशी लढतात आणि त्यासाठीच दाह पेटवतात. वयानुसार त्या चटकन चिडतात आणि उशिरा शांत होतात. त्रास तिथून सुरू होतो. पण त्यांचं काम बंद पडणंही धोक्याचं. त्यांच्यातल्या ट्रेम-२ जनुकाचे काही दोष अल्झायमरचा धोका वाढवतात, हे २०१३ साली स्पष्ट झालं.

गैरसमज : मोठेपणी मेंदूत नवं काही घडत नाही.
वस्तुस्थिती : २०१४ सालच्या एका प्रयोगात प्रौढ उंदरांना मुद्दाम विषम अंतरावर दांड्या बसवलेल्या चाकावर पळायला दिलं. ज्यांच्यात नव्या ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होऊ दिल्या नव्हत्या, त्यांना ते कसब नीट साधलं नाही. म्हणजे नवं शिकताना प्रौढ मेंदूही नवं मायलिन घडवतो.

हे ध्यानात घेतलं तर "वय झालं" म्हणून गप्प बसणं परवडणारं नाही. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या पांढऱ्या भागाची, म्हणजे मायलिनने मढलेल्या तंतूंची हानी करतो. बी-१२ कमी पडलं तरी मायलिन बिघडतं आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. दोन्ही साध्या तपासणीत कळतात, दोन्हींवर उपचार आहेत. आईवडिलांचा विसराळूपणा रोजच्या व्यवहारात आडवा येऊ लागला, पैशांचा हिशेब चुकू लागला, नेहमीचा रस्ता सापडेना, तर त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या.