फोटोखाली नाव कुणाचे?

छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. दिवसभर नोकरी, संध्याकाळी वस्तीतील कामे, मुलांचा अभ्यास, नातेवाइकांची लग्नकार्ये. यातून छंदाला वेळ कुठला? आम्हीही काही वर्षांपूर्वीपर्यंत असेच म्हणत होतो. परंतु गेली सहा वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही बारा-चौदा जण वस्तीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो आणि महिनाभरात काढलेल्या फोटोंपैकी आपल्याला सर्वांत आवडलेला एक फोटो एकमेकांना दाखवतो. कार्यक्रम एवढाच. भाषण नाही, हारतुरे नाहीत, अध्यक्ष नाही. चहाचे पैसे आळीपाळीने.

येणाऱ्यांत एक रिक्षाचालक आहेत, एक शिक्षिका, सरकारी दवाखान्यातील एक नर्सताई, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि आमच्यासारखे दोन-तीन कारकून. कुणाकडे मोबाइल, कुणाकडे जुना डिजिटल कॅमेरा. महागडी लेन्स कुणाकडेच नाही.

नियम तीनच. पहिला, फोटो एकच आणायचा. दुसरा, तो कागदावर छापून आणायचा. मोबाइल हातोहात फिरवायचा नाही. तिसरा, फोटो टेबलावर ठेवल्यावर त्यात काय दिसते ते आधी इतरांनी सांगायचे, काढणाऱ्याने शेवटी बोलायचे.

पहिला नियम सर्वांत अवघड जातो. आमच्या लहानपणी शेजारच्या काकांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच! काका डोळा लावून उभे राहत, ढग सरकण्याची वाट पाहत आणि पुष्कळदा फोटो न काढताच कॅमेरा खाली घेत. पुढे छत्तीस फोटोंचा रोल आला, तरी धुण्या-छापण्याचा खर्च असायचाच. आज मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून असतात आणि ते काढणाराही पुन्हा बघत नाही. त्यातून एक निवडायचा म्हणजे आपल्याला खरोखर काय आवडते, हे स्वतःलाच विचारावे लागते.

जुनी परंपरा, जुना दोष

फोटो काढून एकमेकांना दाखवण्याची ही रीत काही आमची नाही. फ्रान्स सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी छायाचित्रणाची कृती जगासाठी खुली केली. म्हणून तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन मानतात. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत हौशी छायाचित्रकारांची संस्था निघाली. बहुतेक सभासद इंग्रज अधिकारी आणि व्यापारी असले, तरी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्यांत होते. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि वाळण्याच्या आत ती धुवावी लागे. एवढा खटाटोप पैसेवाल्यालाच परवडणारा. १९०० साली अमेरिकेत एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला, तेव्हा कुठे हा छंद सामान्य माणसाच्या हाती जाऊ लागला.

या इतिहासातील एक गोष्ट मात्र आपण नीट ध्यानात ठेवली पाहिजे. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातील अनेक फोटो इंग्रज अधिकाऱ्यांनी हौसेने काढलेले होते. हिंदुस्थानातील जाती-जमातींचे नमुने दाखवणे हा त्या ग्रंथाचा हेतू. बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही. त्याच्या जातीचे आहे. समोर उभा राहिलेला माणूस कोण, त्याला मुलेबाळे किती, आपला फोटो कुठे जाणार हे त्याला कुणी सांगितले का, याचा पत्ता नाही.

हे सारे आम्ही पुस्तकात वाचले होते आणि मनातल्या मनात त्या साहेबांना नावेही ठेवली होती. तीच चूक आपल्या हातून होईल, असे मात्र वाटले नव्हते.

पावसाळ्यातील एक रविवार

मागच्या पावसाळ्यातील बैठक. बाहेर धो धो पाऊस, तरी अकरा जण आले. रिक्षाचालक दादांनी सिग्नलला उभे असताना काचेवरच्या थेंबांतून दिसणारे लाल-हिरवे दिवे टिपले होते. पोस्टमनकाकांनी एका जुन्या टपालपेटीच्या बुडाशी वाढलेल्या गवताचा फोटो आणला होता. नर्सताईंचा फोटो रात्रपाळीनंतरचा होता: खिडकीत ओळीने ठेवलेले स्टीलचे डबे आणि त्यांवर पडलेले पहाटेचे ऊन.

कॉलेजातील एका मुलीने गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीचे हात टिपले होते. त्यावर बरीच चर्चा झाली. तिने घरातील ट्यूबलाइट बंद करून आजीला दाराच्या बाजूला बसवले होते. उजेड एका बाजूने आल्यामुळे हातावरची प्रत्येक सुरकुती आणि गोधडीचा प्रत्येक टाका उठून दिसत होता. समोरून फ्लॅश मारला असता, तर सगळे सपाट झाले असते.

मग आमचा फोटो टेबलावर आला. पहाटे पावणेसहाला आम्ही स्टेशनकडे निघालो असताना रस्त्याच्या कडेला एका चेंबरचे झाकण उघडे होते आणि आतून एक माणूस खांद्यापर्यंत वर आला होता. अंगावर चिखल, चेहऱ्यावर पावसाचे पाणी, मागून रस्त्यावरील दिव्याचा पिवळा उजेड. त्याने वर पाहिले आणि त्याच क्षणी आम्ही बटण दाबले. लोकल चुकेल म्हणून थांबलो नाही.

सर्वांनी फोटोची तारीफ केली. उजेड, डोळे, चौकट, सारेच जमून आले होते. हा स्पर्धेला पाठवा, असे दोघे-तिघे म्हणाले. आम्हीही मनात खूष झालो.

फक्त एक काका गप्प होते. ते आमच्यात वयाने सर्वांत मोठे. त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, “यांचे नाव काय?”

आम्ही म्हणालो, “ते विचारायचे राहून गेले.”

काका म्हणाले, “माझा बाप हेच काम करायचा. त्याचा एकच फोटो आमच्याकडे आहे, कामाच्या ओळखपत्रावरचा. तो गेल्यावर तोच मोठा करून भिंतीवर लावला. पण असा फोटो कुणी आणून दिला असता, तर आम्ही घरात लावला असता का? तुम्हीच सांगा.”

खोलीत कुणी बोलेना. मग शिक्षिकाताई म्हणाल्या, “काका, तुमचे खरे आहे. पण हे कुणी दाखवलेच नाही, तर लोकांना कळणार कसे? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी केली. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतात आणि मरतात. फोटो हा पुरावा आहे.”

दोघांचेही म्हणणे आम्हांस पटत होते आणि अडचण तीच होती. मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन छायाचित्रांतून मांडणारे सुधारक ओलवे यांचे नाव त्या दिवशी निघाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात नुसते गटार नाही. कामगारांची घरे आहेत, बायका-मुले आहेत. लोकल पकडण्याच्या घाईत असे काम होत नाही. शेवटी काकांनीच तोडगा सांगितला: “ज्याचा चेहरा आहे, त्यालाच विचारा.”

नाव विचारायला

त्या माणसाला शोधायला आम्हांस नऊ दिवस लागले. तो एका कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर भेट झाली. आम्ही नमस्कार करून सगळी हकिकत सांगितली आणि फोटो हातात दिला. त्यांनी तो पाहिला, पँटला हात पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “साहेब, फोटो चांगला आलाय. पण हा नको. पोरगी बारावीला आहे. तिच्या मैत्रिणींना मी ऑफिसात आहे असंच माहीत आहे.”

आम्ही म्हणालो, “माफ करा. विचारायला पाहिजे होते.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काढायचाच असेल तर तोंड दिसू देऊ नका. हात काढा. आणि खाली लिहा, हातमोजे दिलेले नाहीत.”

त्यांनी आपले नावही सांगितले. ते इथे छापायचे नाही, असे आम्ही त्यांना कबूल केले आहे, म्हणून छापत नाही. निघताना त्यांनी विचारले, “घरच्यांचा एक काढाल का? सगळ्यांचा मिळून एकही नाही.”

रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दारात उभे होते. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. खोलीत उजेड कमी, म्हणून चौघांना दाराशी बसवले. आजीच्या हातांच्या फोटोतून घेतलेला धडा कामी आला. सात-आठ फोटो घेतले. एकात धाकट्याचे डोळे मिटलेले, एकात बाई हसून मागे वळलेल्या. मुलीने स्वतः निवडला तो फोटो थोडा तिरका होता. आम्ही म्हटले, दुसरा अधिक चांगला आहे. ती म्हणाली, “काका, यात पप्पा हसतायत.”

त्याच्या तीन प्रती करून दिल्या. एक घरी, एक गावी आजीला आणि एक त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवली.

पुढच्या बैठकीत आम्ही दोन फोटो ठेवले. एक, चेंबरच्या कडेवर टेकलेले दोन उघडे हात. खाली त्यांनी सांगितलेले वाक्य. दुसरा घरचा, खास त्यांची परवानगी घेऊन फक्त खोलीत दाखवण्यापुरता. पहिला चेहऱ्याचा फोटो आम्ही पुसून टाकला होता. तो पुसायला नको होता, त्यांच्याकडेच द्यायला हवा होता, असे शिक्षिकाताईंना अजूनही वाटते. त्यावर आमचे एकमत झालेले नाही. मात्र त्या दिवसापासून आमच्या बैठकीत चौथा नियम आला: फोटोत ओळखू येणारा माणूस असेल, तर त्याचे नाव आपल्याला माहीत असले पाहिजे आणि आपण फोटो कुठे दाखवणार हे त्याला माहीत असले पाहिजे.

आपणही करून पहा

वाचकहो, असा मेळावा कुठल्याही वस्तीत भरवता येतो. पाच माणसे आणि एक टेबल पुरे. चार बाय सहा इंचाचा छापील फोटो स्टुडिओत फार महाग पडत नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. पेन जोरात दाबू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतो. मुलांना आणि घरातील स्त्रियांना कॅमेरा हाताळू द्या. घरोघरच्या फोटोंत आई क्वचितच दिसते, कारण ती एकतर स्वयंपाकघरात असते, नाहीतर “माझा कशाला?” म्हणून बाजूला होते.

आणि घरातील म्हाताऱ्या माणसांचे फोटो वेळेवर काढा. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेण्याची पाळी कुणावर येऊ नये. आमच्या काकांनी पुढच्या बैठकीला आपल्या वडिलांचा तोच फोटो आणण्याचे कबूल केले आहे. महिनाभरात काढलेला नसला, तरी त्यांच्यापुरता हा नियम आम्ही शिथिल केला आहे.