ताट बदललं, मन सावरलं

ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या 67 रुग्णांवर 12 आठवडे प्रयोग केला. बहुतेकांचे उपचार आधीपासून चालूच होते.

निम्म्यांना आहारतज्ज्ञ भेटत. रोज मूठभर सुकामेवा, 3 मोठे चमचे ऑलिव्ह तेल, भरपूर भाज्या. आठवड्यातून तीन-चारदा कडधान्यं, दोनदा तरी मासे. गोड पेयं, तळलेलं कमी. उरलेल्यांना फक्त गप्पांची सोबत. 2017 साली निष्कर्ष छापून आले: आहारगटातले सुमारे 32 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, सोबतीच्या गटातले 8 टक्के.

प्रयोग लहान, शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होतं. तरीही निकाल मोलाचा वाटतो. आपल्याकडची मटकीची उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरीही त्या आहाराच्याच वळणाची.

चालू औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.