वाहनातील प्लॅस्टिक क्लिप

वाहनातील प्लॅस्टिक क्लिप हा मोटारीचे आतील व बाहेरील आवरण-भाग पत्र्याच्या सांगाड्यावर बसविण्यासाठी वापरला जाणारा जोडणीचा प्रकार आहे. दरवाज्याचे आतील पॅनेल, बंपरच्या कडा, चाकावरील कमानीचे अस्तर, इंजिनाखालील आवरण इत्यादी भाग अशा क्लिपांनी धरलेले असतात. चिखलरोधक पट्टी (मडफ्लॅप), कमानीवरील जादा आवरण किंवा पायरी यांसारखी साधने बसविताना मूळ क्लिपा आधी काढाव्या लागतात. त्या कशा काढल्या जातात यावर मूळ भाग व रंग शाबूत राहणे अवलंबून असते.

== रचना व प्रकार ==
क्लिपा मुख्यतः नायलॉन, अ‍ॅसिटल किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकांच्या असतात. त्यांसाठी पत्र्यात साधारणतः ६ ते १० मि.मी. व्यासाची भोके असतात. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

* दोन भागांची क्लिप : बाहेरील नळी व मधली खिळी असे तिचे दोन भाग असतात. खिळी आत गेली की नळीचे पाय फाकतात आणि पत्र्यामागे अडकतात. काही क्लिपांत सोडविताना खिळी वर उचलावी लागते, तर काहींत ती किंचित आत दाबावी लागते.
* स्क्रूची क्लिप : हिची मधली खिळी आटे असलेली असते व ती पेचकसाने फिरवून सैल करतात.
* दातेरी क्लिप : हिच्या दांड्यावर एकावर एक लवचीक पाकळ्या असतात. ही एकसंध असून थेट ओढून काढावी लागते.
* दरवाज्याच्या पॅनेलची क्लिप : हिचे डोके पॅनेलच्या मागील खाचेत सरकवलेले असते आणि फुगीर टोक पत्र्याच्या भोकात दाबून बसवितात.

आत जाणारा उतार सौम्य आणि बाहेर येणारा उतार तीव्र ठेवलेला असल्यामुळे क्लिप बसविण्यास कमी व काढण्यास जास्त जोर लागतो. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. तो नसता तर खराब रस्त्यावरील हादऱ्यांनी आवरणे निसटली असती.

== क्लिप अडकण्याची कारणे ==
चाकाजवळच्या क्लिपांत धूळ व चिखल शिरून वाळतो आणि खिळी व नळी यांमधील फट भरून जाते. अशा वेळी खिळी फिरविल्यास संपूर्ण क्लिपच भोकात फिरत राहते. ऊन व उष्णता यांमुळे प्लॅस्टिकचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन ते ठिसूळ बनते. नायलॉन हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे अधिक लवचीक होते. याउलट कोरडे नायलॉन कडक असते. थंडीतही सर्वच प्लॅस्टिके ताठर होतात व पाकळ्या वाकण्याऐवजी मोडतात.

== काढण्याची पद्धत ==
प्रथम क्लिपेचा प्रकार ओळखणे आवश्यक असते, कारण दाबण्याची खिळी उचलण्याचा प्रयत्न केल्यास तिचे डोके तुटते. त्यानंतर डोक्याभोवतीची माती ब्रशाने व पाण्याने काढली जाते. साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन फवारा काही मिनिटे मुरू दिल्यास घर्षण कमी होते. पेट्रोल किंवा थिनर वापरणे टाळले जाते, कारण त्याने रंग व रबर खराब होते.

दोन फाटे असलेले क्लिप काढण्याचे हत्यार डोक्याखाली, दांड्याच्या दोन्ही बाजूंना बसेल असे सरकवितात. जोर दांड्याजवळ लागल्यास क्लिप सरळ वर येते. तो पॅनेलच्या कडेवर लागल्यास क्लिप जागेवरच राहून पॅनेल तडकते. रंगावर ओरखडा पडू नये म्हणून हत्याराखाली कापड ठेवतात. पेचकस वापरावाच लागल्यास त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली जाते.

यानेही क्लिप न निघाल्यास केस वाळविण्याच्या यंत्राने तो भाग कोमट केला जातो. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळते व त्याच्या बऱ्याच आधी मऊ होऊन आकार सोडू लागते. म्हणून तीव्र उष्णता देणारी हीट गन जवळ धरली जात नाही. खिळी जागीच फिरत असल्यास फाट्याने नळी उचलून धरून त्याच वेळी खिळी फिरवितात. शेवटचा उपाय म्हणून डोके कापून उरलेला दांडा मागे ढकलला जातो. जागा बंद पोकळीची असल्यास हा तुकडा आत पडून खडखडतो, म्हणून शक्य असल्यास तो चिमट्याने बाहेर काढतात.

पाकळ्या मोडलेली किंवा पांढरट चिरा पडलेली क्लिप पुन्हा वापरणे योग्य नसते. नवीन क्लिप भोकाचा व्यास, दांड्याची लांबी व डोक्याचा आकार पाहून निवडतात.

== सुरक्षितता व कायदा ==
अनेक मोटारींत खांबांच्या आवरणामागे पडद्यासारख्या एअरबॅग असतात. तेथील क्लिपा काढण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीची ऋण जोडणी सोडविणे आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आवश्यक असते. या ठिकाणी मूळ प्रकारचीच क्लिप बसवितात. चुकीच्या क्लिपेमुळे एअरबॅग उघडण्यास अडथळा येऊ शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत करावयाच्या बदलांवर मर्यादा आहेत. बंपरपुढे बसविल्या जाणाऱ्या धातूच्या क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली.

== मोहर्ली परिसरातील संदर्भ ==
चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रमुख प्रवेशद्वार आहे. येथील सफारीत दीर्घकाळ वापरली गेलेली मारुती जिप्सी १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली. तिच्या उघड्या, पत्र्याच्या बांधणीत बोल्ट व स्क्रू यांचे प्रमाण जास्त असल्याने क्लिपांचा प्रश्न कमी येतो. पर्यटकांच्या आधुनिक मोटारींत मात्र चाकांवरील कमानीचे अस्तर व खालचे आवरण बहुतांशी क्लिपांवरच टिकून असते.

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्याच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. पावसाळ्यातील चिखल व नंतरची धूळ यांची भर पडल्याने जुन्या क्लिपा येथे लवकर अडकतात. हिवाळ्यात हे काम पहाटेऐवजी दुपारी, वाहन उन्हात तापल्यावर करणे सोयीचे ठरते. व्याघ्र प्रकल्पात सफारीदरम्यान वाहनातून उतरण्यास मनाई असते. त्यामुळे सुटलेले अस्तर चाकाला घासू लागल्यास ते जंगलात थांबून बांधता येत नाही. वाहन आत नेण्यापूर्वीच क्लिपा तपासून घेणे गरजेचे असते. काढलेल्या क्लिपांचे तुकडे कुजत नाहीत, म्हणून ते रस्त्याकडेला न टाकता गोळा करून परत नेणे आवश्यक आहे.