‘हद्द आमची नाही’ म्हटलं तरी पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते

कोपर : कोपर स्टेशनवर खाली कल्याणच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई लाइन जाते. समजा, भिवंडी तालुक्यातली एखादी मुलगी वसईकडच्या गाडीतून इथे उतरली आणि फलाटावर तिच्यासोबत वाईट प्रकार घडला. फलाट रेल्वे पोलिसांचा, बाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा आणि तिचं गाव ठाणे ग्रामीणच्या हद्दीत. मग तक्रार कुठे द्यायची? उत्तर सोपं आहे, जे पोलीस स्टेशन जवळ असेल तिथे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गंभीर गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस स्टेशनला त्याची खबर देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पुढे तो गुन्हा योग्य हद्दीत वर्ग करणं हे पोलिसांचं काम, आपलं नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्याच.

हे सांगायचं कारण बदलापूर. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचं समोर आलं. गुन्हा नोंदवायला पालकांना तासन्‌तास थांबवून ठेवल्याचा आरोप झाला. 20 ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्टेशनच्या रुळांवर उतरले, लोकल ठप्प झाल्या. तीन पोलिसांचं निलंबन झालं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांसोबत शाळेलाही धारेवर धरलं. आरोपी पुढे सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, त्यावर खूप चर्चा झाली. पण पालकांना एवढा वेळ का थांबावं लागलं, हा प्रश्न गावोगावी आजही तितकाच खरा आहे.

पीडित 18 वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागतो. त्यात अशा प्रकाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने दडपलं तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर तीही शिक्षेला पात्र बाब आहे. ‘गावात बसून मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही वर्दीत नाही. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं. रात्री मुलाला पोलीस स्टेशनमध्ये थांबवता येत नाही. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं.

दवाखान्याचा मुद्दा बऱ्याच जणांना माहीत नसतो. ‘आधी एफआयआर आणा’ असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत. पोक्सोच्या कलम 27 प्रमाणे गुन्हा नोंदवला नसला तरी तपासणी होते, मुलगी असेल तर महिला डॉक्टरकडून. उपचार सरकारी असो की खासगी, मोफतच. तोपर्यंत अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

एवढं करूनही ठाणे अंमलदार ‘उद्या या’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. शहापूर-मुरबाडकडच्या लोकांनी लेखी तक्रार पोस्टाने ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावी. डोंबिवली, कल्याण, बदलापूर ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतं, तिथे पोलीस उपायुक्तांकडे द्या. तरी दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तक्रारीची एक झेरॉक्स आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

घरातल्या मारहाणीसाठी तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, अंगणवाडी सेविकेला विचारलं तरी पत्ता कळतो. अत्याचारपीडितांना ‘मनोधैर्य’ योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं.

मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा : तातडीची मदत 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181. आणि अशा प्रकरणात पीडितेचं नाव, फोटो, शाळा किंवा गाव व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका. तोही गुन्हा आहे.