संगणकावरचे बांडगूळ



तुम्ही आंब्याच्या झाडावरचे बांडगूळ पाहिले असेल. ते आंब्याच्या फांदीवर वाढते आणि आंब्याच्याच फांदीतून पाणी ओढून घेते. लांबून बघितलं तर ती आंब्याचीच पाने वाटतात. गुरुजींनी आम्हांला सांगितले आहे की, पक्षी बांडगुळाची फळे खातात आणि त्याचे चिकट बी दुसऱ्या फांदीला चिकटून तिथेच रुजते. नुसती पाने ओरबाडली तर ते पुन्हा फुटते. ज्या फांदीत त्याची मुळे शिरली, ती फांदीच छाटावी लागते. असेच एक बांडगूळ संगणकावरही येते. त्याची माहिती मी आज देणार आहे.

एक्स्टेन्शन म्हणजे काय?

इंटरनेटवरची पाने ज्या प्रोग्रॅममध्ये उघडतात त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर आहेत. आपण सायकलला मागे कॅरिअर बसवतो, पुढे टोपली बसवतो. तसे ब्राउझरला छोटे छोटे जोड-प्रोग्रॅम बसवता येतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. एखादे शब्दाचा अर्थ सांगते, एखादे जाहिराती अडवते. सगळी एक्स्टेन्शन वाईट नसतात.

पण काही लबाड असतात. आपण वरच्या पट्टीत काही लिहून शोधले, की तो प्रश्न कोणत्या शोधयंत्राकडे पाठवायचा हे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. गूगल, बिंग, डकडकगो ही शोधयंत्रे आहेत. लबाड एक्स्टेन्शन गुपचूप ते सेटिंग बदलते. मग आपला प्रश्न आधी त्याच्या पत्त्यावर जातो. तिथे जाहिरातींनी भरलेले पान दिसते. कधी कधी ते आपल्याला तिथून पुन्हा खऱ्या शोधयंत्राकडे पाठवते, म्हणजे काही झालंय हे कळतसुद्धा नाही.

असे करून त्यांना काय मिळते?

पैसे मिळतात. शोधाच्या पानावर जाहिराती असतात. कुणी जाहिरातीवर बोट दाबले की जाहिरात देणारा पैसे मोजतो आणि माणूस तिथे आणून सोडणाऱ्याला त्यातला वाटा मिळतो. एका माणसामागे थोडेच मिळतात, पण लाखो संगणक असले तर मोठी कमाई होते. २०१७ साली चेक पॉइंट या कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली होती. तो बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीचा होता. तो जगात २५ कोटींहून जास्त संगणकांत शिरला आहे, असे चेक पॉइंटने म्हटले. हा आकडा फुगवलेला आहे, असे मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितले. पण तो पसरला होता हे खरेच.

आपले नुकसान काय?

पहिले नुकसान असे. समजा, बाबांनी सातबाऱ्याचा उतारा काढायला किंवा पीक विम्याचा अर्ज भरायला शोध केला. अशा बनावट पानावर सगळ्यात वर भलतेच संकेतस्थळ येऊ शकते आणि ते उगाच पैसे मागू शकते. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असते. ते आधी बघावे.

दुसरे नुकसान त्याहून मोठे. एक्स्टेन्शन बसवताना ते परवानगी मागते. 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी दिली, तर आपण काय वाचतो आणि काय लिहितो ते त्याला दिसू शकते. अगदी पासवर्डसुद्धा.

आपल्या शाळेत काय झाले?

आपल्या शाळेचा संगणक गावाने लोकवर्गणी काढून घेतला आहे. गेल्या वर्षी त्यावर काही शोधले की अनोळखी पान उघडायचे. कोपऱ्यातून जाहिराती यायच्या. गुरुजी सेटिंगमध्ये जाऊन गूगल लावायचे, पण संगणक बंद करून चालू केला की पुन्हा तेच. गावात सगळे म्हणाले, पोरांनी गेम टाकून बिघडवला. मग महिनाभर खोलीला कुलूप होते. तालुक्याच्या एका दुकानदाराने सांगितले, "सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल."

पण त्या संगणकात आम्ही मुलींनी टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. गावातल्या आज्यांकडे जाऊन, त्यांना म्हणायला लावून आम्ही त्या लिहून घेतल्या होत्या. त्यांतल्या एक आजी आता नाहीत. त्यांच्या ओव्या दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. त्या पुसल्या असत्या तर कुठून आणणार?

माझी ताई तालुक्याला कॉलेजात शिकते. गुरुजींनी तिला बोलावले. तिने आधी सगळ्या ओव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मग गुरुजी आणि ती दोघे बसले आणि तासाभरात संगणक नीट झाला. काहीही पुसावे लागले नाही. पीडीएफच्या फाइली जोडायला कुणीतरी एक फुकटचा प्रोग्रॅम घेतला होता. त्याच्या पाठीवर बसून हे एक्स्टेन्शन आले होते. बांडगुळाचे बी जसे पक्ष्याबरोबर येते, अगदी तसेच. पोरांचा गेम नव्हताच.

ते काढायचे कसे?

ताईने सांगितलेली रीत मी वहीत लिहून घेतली. ती क्रोमसाठी आणि विंडोजच्या संगणकासाठी आहे.

१. आधी महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवा.

२. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' उघडा. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला, आपण न मागितलेला प्रोग्रॅम काढून टाका. ही झाली फांदी.

३. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबे आहेत. ती दाबून 'एक्स्टेन्शन्स' आणि मग 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' उघडा. ओळखीचे नसेल ते 'रिमूव्ह' करा. नुसते बंद करून ठेवू नका.

४. आता 'सेटिंग्ज'मध्ये 'सर्च इंजिन' बघा आणि आपल्याला हवे ते लावा. एखादे एक्स्टेन्शन हे सेटिंग अडवून बसले असेल तर त्याचे नाव तिथेच लिहिलेले दिसते. म्हणजे चोर आपोआप सापडतो. जवळच 'ऑन स्टार्टअप' आहे. क्रोम उघडल्यावर कोणते पान यावे ते तिथे ठरते. तिथला अनोळखी पत्ता काढा.

५. तरी गेले नाही तर 'रीसेट सेटिंग्ज' करा. यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन सगळी बंद होतात. मग चांगली तेवढी पुन्हा चालू करा.

६. विंडोजमध्येच 'विंडोज सिक्युरिटी' आहे. त्यातून संपूर्ण संगणक तपासा. त्याला पैसे पडत नाहीत.

७. शेवटी महत्त्वाचे पासवर्ड बदला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. गुरुजी आधी फक्त चौथे काम करत होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा येत होते. ती नुसती पाने ओरबाडणे झाली. मूळ दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात आहे.

काढल्यावरही परत आले तर? एकाच खात्याने दोन संगणकांवर क्रोम वापरत असाल तर एका संगणकावरचे एक्स्टेन्शन दुसऱ्यावर जाते. याला सिंक म्हणतात. तेव्हा दोन्हीकडून काढायला हवे. तीन टिंबांच्या यादीत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे दिसले आणि संगणक घरचाच असला, तर बांडगूळ खोल गेले असण्याचा संभव आहे. ते जाणकारालाच दाखवावे.

जुन्या व्हिडिओत क्रोमचीच एक साफसफाईची सोय दाखवतात. ती शोधत बसू नका. क्रोमने ती २०२३ साली काढून टाकली.

मोबाइलवर काय?

मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवता येत नाही. तिथे नको त्या जाहिराती येत असतील तर दोन गोष्टी बघा. एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवायला आपण 'अलाऊ' म्हटले आहे का? आणि नुकतेच एखादे फुकटचे टॉर्चचे किंवा साफसफाईचे ॲप घेतले आहे का? ते काढले की बहुधा त्रास थांबतो.

हे लक्षात ठेवा

१. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असे पान आले तर फोन करू नका. पान बंद करा.

२. नवीन प्रोग्रॅम घेताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. मध्येच एखाद्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते. ती वाचा आणि नको असेल तर काढा.

३. एक्स्टेन्शन काय मागते ते बघा. हवामान दाखवणाऱ्याला आपले शोधाचे सेटिंग कशाला बदलायचे आहे?

४. क्रोमचे एक्स्टेन्शन वेब स्टोअरमधूनच घ्या. पण तिथेही कधी कधी लबाड शिरतात, म्हणून लागतील तेवढीच ठेवा.

५. पैशांची फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. जेवढे लवकर कळवाल तेवढे बरे.

पालकांना माझी एक विनंती आहे. घरचा संगणक किंवा मोबाइल बिघडला तर लगेच मुलांना रागावू नका आणि कुलूप लावू नका. आधी वरची यादी बघा. मुलांनासुद्धा जवळ बसवा, म्हणजे आम्हांलाही शिकता येईल. ज्यांना ही यादी हवी असेल त्यांनी वहीत उतरवून घ्यावी. अक्षर लागले नाही तर मला विचारा. मी मधल्या सुट्टीत चिंचेखाली असते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी