एका कानावरचा संसार

फोन उजव्या कानाला लावला की शब्द कळेनासे झाले. डाव्या कानाला लावला की स्वच्छ. जोडीला उजव्या कानात रातकिड्यासारखी किरकिर. एखाद्या रुग्णाने ही तक्रार सांगितली असती, तर मी त्याला लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले असते. पण कान माझाच होता. 'मळ असेल, वय झाले' असे म्हणत मी दीड वर्ष काढले.

अखेर ऑडिओमेट्री झाली, मग एमआरआय. निदान निघाले अकूस्टिक न्यूरोमा. 'डोक्यात गाठ' म्हटल्यावर घरची मंडळी हादरली. परंतु ही गाठ कर्करोगाची नसते. ऐकणे व तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या आवरणातून ती उगवते आणि बहुधा फार सावकाश वाढते. लहान गाठीवर नुसती नजर ठेवतात, काहींना गॅमा नाइफची किरणे देतात. माझी गाठ मेंदूच्या देठाला टेकली होती, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. शेजारून जाणारी चेहऱ्याची नस वाचली. उजवा कान कायमचा गेला. आधी तपासले असते तर तो वाचलाच असता असे नाही, पण पर्याय अधिक राहिले असते.

एक कान गेला म्हणजे सगळे निम्मे ऐकू येते, असा लोकांचा समज असतो. तसे नाही. शांत खोलीत माझे काही अडत नाही. स्टेथोस्कोपही एका कानाने चालतो. अडते ते दोन ठिकाणी. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांतील फरकावरून ओळखतो. त्यामुळे हाक ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही. दुसरी अडचण गर्दीची. एका लग्नाच्या पंगतीत उजवीकडच्या पाहुण्यांना मी हसून 'वा, छान' म्हणालो. ते भाऊ गेल्याचे सांगत होते. त्या दिवशी ठरवले, आता लपवायचे नाही.

आज दवाखान्यात रुग्णाचे स्टूल माझ्या डाव्या हाताला आहे. सौ. रस्त्याने डावीकडून चालते. तुम्हालाही असा त्रास असेल, तर एवढे करा:

१) 'मला या कानाने ऐकू येत नाही' हे आधीच सांगा. बसताना भिंत बहिऱ्या बाजूला घ्या.

२) रस्ता ओलांडताना कानावर विसंबू नका, दोन्हीकडे पाहा.

३) चांगला कान जपा. काडी, पिन, तेल घालू नका. मोठ्या आवाजापासून दूर राहा. जेंटामायसिनसारखे औषध घेण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना कानाची कल्पना द्या.

४) क्रॉस प्रकारचे श्रवणयंत्र बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवते. दिशा मात्र त्याने कळत नाही.

५) शस्त्रक्रियेनंतर काही दिवस तोल जातो. रात्री उठताना दिवा लावा.

आणि वाचकहो, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात आवाज येत असेल, तर तपासणी टाळू नका. ऐकणे अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुसऱ्यांना हे तीस वर्षे सांगणारा मी, स्वतःचे ऐकायला मात्र उशीर केला.