कोतवालाचा शेजार

कन्नडजवळचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. त्याच्या पायवाटेवर, झाडी विरळ होते तेथे, दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर पक्षी दिसतो. तो कोतवाल. शेपूट वगळता तो बुलबुलाएवढाच. पण घरट्याजवळ कावळा किंवा घार फिरकली, की झडप घालून पिटाळून लावतो. म्हणूनच बुलबुल, हळद्या, होला यांची घरटी पुष्कळदा त्याच झाडावर आढळतात. कोतवाल राखतो ती स्वतःचीच पिल्ले. पण चोर पळाला, की शेजाऱ्यांचीही अंडी वाचतात! एप्रिल ते ऑगस्ट हा त्याच्या विणीचा हंगाम. तेव्हा त्याचे घरटे दिसले, तर जवळ जाऊ नका. लांबूनच पाहा: त्या झाडावर आणखी कोण राहते?